खेळून झालं, आता कोच व्हायचंय! सॉफ्टबॉलवाल्यांचे प्रश्न

शाळांच्या जिल्हा स्पर्धा जवळ आल्या की पत्रं वाढतात, पण या वेळी क्रिकेटपेक्षा सॉफ्टबॉलची जास्त आली आणि तीही बरीचशी कळवा, ऐरोली, घणसोली, वाशी अशी आपल्याच पट्ट्यातली, म्हणून हा अख्खा कॉलम सॉफ्टबॉललाच दिलाय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. तो प्रश्न मला फार जवळचा वाटला.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कळव्याला राहते, टीवायला आहे आणि कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर आहे. शाळेत असताना राज्य स्पर्धेपर्यंत गेले होते, कॉलेजात तिन्ही वर्षं मुंबई युनिव्हर्सिटीच्या इंटरकॉलेजिएटला खेळले. आता परीक्षा झाली की खेळणं बंदच, कारण पुढे टीमच नाही. बाबा म्हणतात सरकारी नोकरीच्या परीक्षा दे, आई म्हणते बीएड कर. मला कोच व्हायचंय, आणि नुसतं पीटीचा तास घेणारी नाही तर टीमची हेड कोच. अमेरिकेत कॉलेजला खेळलेल्या मुली पुढे त्याच कॉलेजच्या हेड कोच होतात असं वाचलं. ते कसं काय होतं, आणि आपल्याकडे असा रस्ता आहे का?
— एक कॅचर, कळवा

उत्तर : तू कॅचर आहेस ना, म्हणजे प्लेटच्या (बॅटर उभी राहते त्या जागेच्या) मागे बसून पिचरने टाकलेला बॉल घेणारी, मग कोचची अर्धी नजर तुझ्याकडे आधीच आलेली आहे. बाकीच्या आठ जणी प्लेटकडे तोंड करून उभ्या असतात, एकटी कॅचर बाहेर बघते, अख्खं मैदान तिच्यासमोर असतं. बॅटर बंटसाठी, म्हणजे बॉल नुसता हळूच पुढ्यात पाडायला, हात सरकवतेय का, फर्स्ट बेसवरची रनर पळायच्या बेतात आहे का, पिचर दमलीय का, दमली असेल तर टाइम मागून तिच्याशी जाऊन दोन शब्द बोलायचे, हे सगळं तू तीन वर्षं करतेच आहेस.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या हेड कोच केली इनोये-पेरेझ याही कॅचरच होत्या. १९८९ मधे तिथे खेळायला लागल्या, खेळाडू म्हणून राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, १९९४ पासून तिथेच असिस्टंट कोच झाल्या, आणि हेड कोच कधी झाल्या तर २००७ च्या सीझनला. म्हणजे मधली तेरा वर्षं असिस्टंट! त्यानंतर २०१० आणि २०१९ ला त्यांच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. दुसऱ्या अ‍ॅरिझोनाच्या केटलिन लोव. सेंटर फील्डला खेळायच्या, २००६ आणि २००७ ला कॉलेजची विजेतेपदं, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला अमेरिकेचं सिल्व्हर, एवढं सगळं गाठीला असूनही कोणी त्यांना थेट खुर्चीत बसवलं नाही. त्याच युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं कोचिंग स्टाफमधे काम केलं, २०२१ मधे त्यांचेच कोच माइक कँड्रिया रिटायर झाले तेव्हा हेड कोच झाल्या आणि पुढच्याच वर्षी टीमला वर्ल्ड सीरिजला घेऊन गेल्या. तिकडे कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला वर्ल्ड सीरिज म्हणतात, ओक्लाहोमा सिटीत होते.

बातमीत येतं 'माजी खेळाडू झाली हेड कोच' एवढंच. मधली वर्षं कोणी लिहीत नाही, आणि मला तुला सांगायचंय ते त्या मधल्या वर्षांबद्दलच.

त्या वर्षांत माणूस काय करतो? पिचर्सना घेऊन तासन्‌तास बाजूला उभा राहतो, समोरच्या टीमचे व्हिडिओ बघून त्यांची कुठली बॅटर कुठला बॉल सोडते ते लिहून काढतो, शाळांच्या मॅचेस बघत फिरतो आणि पुढच्या वर्षीच्या मुली हेरतो, फर्स्ट बेसच्या कोचच्या चौकोनात उभा राहून रनरला ओरडून सांगतो. थर्ड बेसला बहुतेक वेळा हेड कोच स्वतः असतो, कारण रनरला होमला पाठवायची की थांबवायची हा निर्णय तिथे क्षणात घ्यावा लागतो, हात फिरवला की मुलगी सुटली, मग ती आऊट झाली तर जबाबदारी हात फिरवणाऱ्याची. खेळताना आपण आपल्या अंगाला जे कळतं ते करतो. कोच झालं की तेच दुसऱ्याच्या अंगात उतरवायचं असतं, आणि चांगल्या चांगल्या खेळाडू इथेच अडतात, कारण त्यांना जे आपोआप जमलं ते जमत नसलेल्या मुलीला कसं सांगायचं हे त्यांनी कधी शोधलेलंच नसतं. हे शोधायला वेळ लागतो. तेरा वर्षं लागलीच पाहिजेत असं नाही, पण चार-पाच वर्षं तरी दे.

तिकडे हे जमतं त्याला कारण आहे. १९७२ मधे टायटल नाइन नावाचा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी झाली, त्यात खेळही आले. १९८२ पासून एनसीएए म्हणजे त्यांची कॉलेज खेळांची संस्था मुलींच्या सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा घ्यायला लागली, मग कॉलेजांना पगारी कोच ठेवणं आलंच. तरी तिथेही सगळं आयतं नाही हां. अगदी वरच्या डिव्हिजनमधेही २०२३ पर्यंत बिनपगारी असिस्टंटची एक जागा असायची आणि हेड कोच व्हायची स्वप्नं बघणारे लोक त्या जागेवर घाम गाळायचे. आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या ओक्लाहोमाच्या पॅटी गॅसो आधी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या कॉलेजात कोच होत्या, १९९५ ला ओक्लाहोमात आल्या तेव्हा टीमला स्वतःचं मैदानसुद्धा नव्हतं, गावातल्या सार्वजनिक पार्कात मॅचेस व्हायच्या. पहिलं विजेतेपद २००० ला आलं. आपल्याकडे मैदान नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आता आपल्याकडचं. आपल्या कॉलेजांत 'सॉफ्टबॉलची हेड कोच' अशी कायमची जागा सहसा नसते. कॉलेजात फिजिकल एज्युकेशनचे डायरेक्टर असतात, ते एकटे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतात आणि सीझनपुरता बाहेरचा कोच मानधनावर आणतात. मग तुझ्यापुढे दोन वाटा आहेत आणि मी म्हणेन दोन्ही एकदमच धर.

एक वाट शिक्षणाची. डिग्री झाली की बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची, त्याला सीईटी असते आणि लेखीबरोबर मैदानावरची चाचणीही असते. शाळेतल्या नोकरीला ती लागते. तुझं ध्येय कॉलेजचं असेल तर पुढे एमपीएड, त्यात ५५ टक्के हवेत, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास व्हायचं म्हणजे डायरेक्टरच्या पदाला अर्ज करता येतो. त्या पदाला स्वतः स्पर्धा खेळल्याची नोंद आणि फिटनेस टेस्टही बघतात, तेव्हा तुझी इंटरकॉलेजिएटची सर्टिफिकेटं आजच एका फाईलला लाव. दुसरी वाट निव्वळ कोचिंगची, पतियाळाच्या एनआयएसची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची. तिथे कोचिंगचा डिप्लोमा असतो आणि सहा आठवड्यांचा छोटा सर्टिफिकेट कोर्सही असतो, कुठल्या वर्षी कुठले खेळ घेतलेत ते जाहिरातीत येतं, त्यावर लक्ष ठेव आणि सॉफ्टबॉल दिसला की फॉर्म भर.

बाबांशी भांडू नकोस. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, कुठल्या पातळीची कामगिरी कुठल्या गटाच्या पदाला चालते ते शासन निर्णयात ठरवून दिलंय, सर्टिफिकेट मात्र क्रीडा विभागाकडून तपासून घ्यावं लागतं आणि ते ऐन वेळी होत नाही. तुझी राज्य स्पर्धा त्यात कुठे बसते ते बाबांना बरोबर घेऊन क्रीडा कार्यालयात जाऊन विचार. नोकरी करून संध्याकाळी आणि रविवारी टीम चालवणारे कोच आपल्याकडे भरपूर आहेत, आणि सीझनच्या मानधनावर ठाण्यात घर चालत नाही हे बाबांचं म्हणणं खरंच आहे.

आणि या सगळ्याच्या आधी, म्हणजे परीक्षा संपली की लगेच, तुझ्या जुन्या शाळेत जा आणि सरांना सांग की चौदा वर्षांखालच्या मुलींना मी बघते. फुकट बघ पहिल्या वर्षी. आपली असिस्टंटची जागा हीच, ती कोणी जाहिरात देऊन भरत नाही, आपण जाऊन उभं राहायचं असतं. जोडीला जिल्हा संघटनेकडे स्कोअरिंग आणि अंपायरिंग शीक, नियमांचं पुस्तक पाठ होतं आणि सगळ्या टीम्स बसल्या जागी बघायला मिळतात. आणखी एक, पिचिंग शीक. तू टाकणार नाहीस कदाचित, पण शिकवता आलं पाहिजे, कारण आपल्याकडे पिचर घडवणाऱ्यांचीच खरी चणचण आहे आणि ज्या कोचला पिचर घडवता येते तिला टीम आपोआप मिळते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या टीमची एकुलती एक पिचर. सर रोज तिच्याकडून बॉलिंग करून घेतात, स्पर्धेत एका दिवसात तीन मॅच टाकल्या. हल्ली खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणते. सर म्हणतात खालून टाकतो तो बॉल खांद्याला त्रास देत नाही. खरं आहे का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : नाही, खरं नाही. हा समज जुना आहे आणि अजून बऱ्याच मैदानांवर ऐकू येतो. सॉफ्टबॉलच्या पिचिंगमधे, ज्याला विंडमिल म्हणतात, हात पूर्ण गोल फिरून येतो आणि बॉल सुटताना खांद्यावर, विशेषतः पुढच्या बाजूला जिथे दंडाच्या स्नायूचं टोक वर जाऊन जोडलेलं असतं तिथे, भरपूर ताण येतो. तुमची मुलगी नेमकी तीच जागा दाखवतेय, तेव्हा आधी टाकणं थांबवा आणि ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स फिजिओला दाखवा. बाम लावून खेळवू नका.

सर कदाचित जपानच्या युकिको उएनोचं उदाहरण देतील, लोक देतातच. २००८ च्या ऑलिम्पिकला तिने दोन दिवसांत तीन मॅच मिळून ४१३ बॉल टाकले आणि जपानला गोल्ड मिळवून दिलं. पण तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पूर्ण वाढलेलं शरीर, मागे वर्षानुवर्षांची तयारी आणि अख्खा मेडिकल स्टाफ. तेरा वर्षांच्या मुलीची हाडं अजून वाढतायत. आणि तीच उएनो एकोणचाळिसाव्या वर्षी टोकियोला परत गोल्ड जिंकली, एवढं लांब खेळायचं तर खांदा जपावाच लागतो.

सरांशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका, एवढंच म्हणा की अजून दोन मुलींना पिचिंग शिकवा, प्रॅक्टिसला मोजून टाकू द्या, आठवड्यातले एक-दोन दिवस हाताला पूर्ण सुट्टी. एकाच पिचरवर उभी असलेली टीम तिला सर्दी झाली तरी हरते, हे सरांनाही पटेल. नाहीच पटलं तर मुलीला दुसऱ्या जागेवर खेळवा, पण दुखऱ्या खांद्याने टाकू देऊ नका.

प्रश्न : मी घणसोलीतल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे, स्वतः कबड्डी खेळलोय. यंदा मुख्याध्यापकांनी सॉफ्टबॉलची टीम काढायला सांगितली. मुली क्रिकेट खेळतात, हात चांगला आहे. मैदान लहान, सामान जेमतेम. कुठून सुरुवात करू?
— क्रीडाशिक्षक, घणसोली

उत्तर : सर, मैदान लहान असलं तरी चालतं. बेस ते बेस ६० फूट, पिचर ते प्लेट महिलांच्या सामन्यात ४३ फूट, एवढा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, बसला की इनफिल्डची सगळी प्रॅक्टिस होते, आउटफिल्डच्या कॅचसाठी आठवड्यातून एकदा महापालिकेचं मैदान मागा. आखताना चौकोन हमखास तिरका होतो, म्हणून होम प्लेटपासून सेकंड बेस ८४ फूट १० इंचावर धरा आणि दोन टेप लावून फर्स्ट आणि थर्ड दोन्हीकडून ६० फुटांवर जुळवा, मगच चुना टाका.

क्रिकेटच्या मुली थ्रोला छान असतात पण काही सवयी मोडाव्या लागतात. त्या दोन्ही हातांनी बॉल झेलतात, इथे ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात आणि दुसरा हात फक्त झाकायला. बॅट सरळ खाली आणतात, इथे आडवी फिरते. विकेटमागे मारलेला सुंदर शॉट इथे फाउल. आणि सगळ्यात जास्त आऊट होतात त्या धावण्यात, कारण पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आत बेस सोडला की आऊट, आणि फर्स्ट बेस ओलांडून पुढे पळालं तर चालतं पण सेकंड-थर्डला ओलांडलं की टॅग होतं, म्हणजे फील्डर अंगाला बॉल लावून आऊट करते. पहिले पंधरा दिवस बॅटला हातच लावू देऊ नका असं मी म्हणेन, मुली कुरकुरतील, पण ग्लोव्ह, थ्रो आणि बेस रनिंग यावरच शालेय मॅचेस जिंकल्या-हरल्या जातात. तुमची कबड्डी इथे कामाला येईल, टॅग चुकवून स्लाइड करताना अंग कसं टाकायचं हे तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार.

सामानात आधी कॅचरचा मास्क, चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड घ्या, मग बॅटिंगची हेल्मेटं, मग ग्लोव्ह. नव्या बॅटची घाई नको. आणि वरच्या पत्रातल्यासारखी एखादी माजी खेळाडू जवळपास नक्की असेल, तिला बोलवा, टीमही तिच्या हाताखाली तयार होईल आणि तीही.

प्रश्न : सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधे कधी असतो कधी नसतो. अशा खेळात मुलाबाळांनी करिअर करावं का?
— वाशी

उत्तर : १९९६ ते २००८ होता, मग दोन वेळा नव्हता, टोकियोला आला, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमधे परत आहे आणि त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत व्हायचेत. पण आपल्या मुलींचं करिअर ऑलिम्पिकवर अवलंबून नाहीये. शालेय स्पर्धा, युनिव्हर्सिटी, राष्ट्रीय स्पर्धा हे दर वर्षी चालू असतं, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, नोकरीतलं आरक्षण आणि पुढे कोचिंग हे त्यातून येतं. खेळ आवडत असेल तर खेळू द्या, अभ्यास सोडून नको.

प्रश्न : मी छत्तीस वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. लग्नाआधी राष्ट्रीय स्पर्धेत शॉर्टस्टॉप खेळले होते. दोन मुलं, नोकरी नाही. बारा वर्षं ग्लोव्ह हातात घेतलेला नाही. आता कोच म्हणून कोणी उभं करेल का, की उशीर झाला?
— एक जुनी शॉर्टस्टॉप

उत्तर : शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर, तिला सतत डोकं चालवावं लागतं. उशीर अजिबात नाही झालेला. मिशिगनच्या कॅरल हचिन्स १९८५ पासून २०२२ पर्यंत एकाच युनिव्हर्सिटीच्या हेड कोच होत्या आणि करिअरमधे १७०० च्या वर मॅचेस जिंकल्या. हे काम माणूस साठीपर्यंत करतो. तुमच्यापुढे पंचवीस वर्षं आहेत.

फक्त थेट टीम मागायला जाऊ नका, कारण बारा वर्षांत काही नियम विसरलेले असतील, काही बदललेलेही असू शकतात. दोन्ही टीम्सची बरोबरी झाली तर जादा इनिंगला रनर सेकंड बेसवर उभी करून सुरुवात होते, आंतरराष्ट्रीय मॅचला फर्स्ट बेस दुहेरी असतो, नारिंगी अर्धा रनरचा आणि पांढरा फील्डरचा, म्हणजे टक्कर होत नाही. तुमच्या वेळी हे कदाचित मैदानात नसेल. म्हणून आधी जिल्हा संघटनेला फोन करून अंपायर क्लिनिक, म्हणजे पंचांचं शिबिर, कधी आहे विचारा आणि त्याला बसा. मुलं शाळेत असतील त्या वेळेत शालेय स्पर्धांना स्कोअरर लागतात, ते काम मागा, दोन स्पर्धांत सगळे क्रीडाशिक्षक तुम्हाला ओळखायला लागतील. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शालेय स्पर्धा वेगवेगळ्या होतात, म्हणजे दोन्हीकडे काम मिळू शकतं, ठाण्याहून वाशी-नेरुळची थेट लोकल आहे.

राष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट शोधून ठेवा, नाव माहेरचं असेल तर नावबदलाचे कागद आधी करून घ्या, यातच बऱ्याच बायकांचे महिने जातात. आणि रोज अर्धा तास भिंतीवर बॉल मारून ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, घ्यायला लागा. मुलींना शॉर्टस्टॉपचं फुटवर्क दाखवायचं तर ते तोंडाने सांगून होत नाही, एकदा तरी करून दाखवावं लागतं.